वाऱ्याला पाठ न देणारं शीड

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने ग्रुपवर लिहिलं होतं, "नुसत्या आठवणी नकोत, आपापल्या क्षेत्रातलं काहीतरी लिहा." माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर लिहिलं तर आपल्यातले निम्मे जण दुसऱ्याच परिच्छेदात पान उलटतील, आणि उरलेले निम्मे त्याच धंद्यातले असल्यामुळे चुका काढत बसतील. म्हणून मी शिडांवर लिहिते आहे. तेही कापडाच्या नाही, विमानाच्या पंखासारख्या ताठ, उभ्या शिडांवर. त्यांना पंखशिडं म्हणू या. हे खूळ कुठून आलं ते सांगायला मात्र थोडी आठवण लागेलच.

नववीत मराठीच्या बाईंनी म्हणींचे अर्थ लिहायला दिले होते. त्यात 'वारा येईल तशी पाठ द्यावी' ही म्हण होती. पुढचाच तास विज्ञानाचा. मी सरांना विचारलं, "सर, वाऱ्याला पाठ दिली तर होडी वाऱ्याबरोबर जाणार. मग खाडीतल्या शिडाच्या होड्या वाऱ्याच्या तोंडावर परत कशा येतात?" मागच्या बाकावरून आपली एक मैत्रीण म्हणाली, "नागमोडी येतात." तिचे वडील तांडेल होते, तिला माहीत होतं. सर म्हणाले, "का येतात ते उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सरांनी वहीच्या कागदाची एक पट्टी फाडली, ओठांखाली धरली आणि तिच्या वरून फुंकर मारली. लोंबणारी पट्टी वर उचलली गेली. विमानाचा पंख असाच काम करतो आणि शीड म्हणजे उभा केलेला पंख, असं सरांनी सांगितलं. पंखाच्या फुगीर बाजूने हवेला लांबचा रस्ता पडतो, दोन्हीकडची हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोचायला हवी, म्हणून फुगीर बाजूची हवा वेगाने धावते आणि तिथला दाब कमी होतो. मी पुन्हा हात वर केला. "दोन्हीकडची हवा एकाच वेळी का पोचायला हवी, सर? ती काय हातात हात घालून निघाली होती?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "हे मला सांगता येत नाही. तू शोध आणि मला येऊन सांग."

इंजिनिअरिंगला असताना उत्तर सापडलं. दोन्हीकडची हवा एकाच वेळी पोचत नाहीच. फुगीर बाजूची हवा उलट बरीच आधी पोचते. पुस्तकापुस्तकांतून फिरणारं ते स्पष्टीकरण चुकीचं आहे. खरी गोष्ट अशी, की पंख हवेच्या प्रवाहाला एका बाजूला वळवतो आणि तसं करताना हवा पंखाला दुसऱ्या बाजूला ढकलते. दाबातला फरक हे त्याच ढकलण्याचं रूप. शीड वाऱ्याशी तिरकं धरलं की हेच होतं. बळ होडीच्या आडवं आणि थोडंसं पुढे लागतं. पाण्याखालचा भाग आडवं सरकू देत नाही, मग होडी पुढे सरकते. एकदा डावीकडून वारा घ्यायचा, एकदा उजवीकडून, असं नागमोडी करत वाऱ्याच्या तोंडावर जाता येतं.

हे कळलं तेव्हा मला सरांकडे जाऊन सांगायचं होतं. गेले नाही. खरं सांगायचं तर त्या वयात सरांची चूक सापडल्याचाच आनंद जास्त होता, आणि तो घेऊन त्यांच्यासमोर जायची लाज वाटली. हा लेख म्हणजे ते राहिलेलं जाणं आहे.

आता मुख्य विषय. शीड जर पंखच आहे, तर ते कापडाचं कशाला? कापडाला स्वतःचा आकार नसतो, वारा भरेल तेव्हाच तो येतो. वाऱ्याच्या फार तोंडावर गेलं की शीड फडफडतं. पुढे उभी असलेली डोलकाठी प्रवाह बिघडवते ती वेगळीच. त्याऐवजी ताठ, जाड, गुळगुळीत पंख उभा केला तर तेवढ्याच क्षेत्रफळात जास्त बळ मिळतं आणि अडथळा कमी होतो. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. विमानाला रोज उलटं उडायचं नसतं, पण होडीला वारा दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो. म्हणून पंखशीड दोन्हीकडून सारखं असतं आणि बहुतेकदा त्याचे दोन भाग करून मागचा भाग हवा तिकडे वळवतात. दुसरी गोष्ट अवघड आहे. कापड उतरवून गुंडाळून ठेवता येतं, पंख नाही. वादळ आलं तर काय?

एका सुट्टीत त्या मैत्रिणीच्या वडिलांनी आम्हाला खाडीतून फिरवून आणलं होतं. शीड चढवायला मला द्या, म्हणून मी हट्ट धरला. ते म्हणाले, "शीड कोणय चढयता गो, येळार उतरयता तो तांडेल." पंखशिडांचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला ते वाक्य पानोपानी आठवत राहिलं.

या इतिहासाच्या सुरुवातीला एक शाळामास्तर आहे, हे आपल्या शिक्षकांना आवडेल. आंतोन फ्लेटनर, जन्म १८८५, जर्मनी. फ्रँकफर्टजवळच्या खेड्यात आणि पुढे शहरातल्या शाळेत ते शिकवत. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे विषय. मोठं सुकाणू किंवा मोठा पंख वळवायला फार जोर लागतो. फ्लेटनर यांची युक्ती अशी, की मोठ्याच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी बसवायची. माणसाने फक्त छोटी पट्टी वळवायची, मोठ्याला वळवायचं काम पाणी किंवा वाराच करतो. विमानांच्या पंखांवर आणि शेपटावर अशा पट्ट्या आजही दिसतात.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हीच युक्ती जहाजावर आणायचं ठरवलं. धातूची उभी पंखशिडं, त्यांना मागे छोटं शेपूट. वारा बदलला की शेपूट पंखाला योग्य कोनात आणून ठेवणार, खलाशांनी दोर ओढायला नकोत. पण मध्येच गोटिंगेनच्या प्रयोगशाळेतलं एक जुनं तत्त्व त्यांच्या नजरेत भरलं. फिरत्या नळकांड्यावर वारा आला की त्याला आडवं बळ लागतं. हाइनरिश मॅग्नस यांनी ते १८५०च्या दशकात अभ्यासलं होतं. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच वळतो, तेच हे. तेवढ्याच जागेत नळकांडं पंखापेक्षा कितीतरी जास्त बळ देतं, हे कळल्यावर फ्लेटनर यांनी आपली पंखशिडं बाजूला ठेवली. १९२४ मध्ये कील इथे 'बुकाउ' या जहाजावर सुमारे १५ मीटर उंचीचे दोन फिरते खांब बसले. १९२६ मध्ये 'बाडेन-बाडेन' या नव्या नावाने हे जहाज अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचलं.

प्रयोग यशस्वी झाला, धंदा झाला नाही. तेल स्वस्त होतं, डिझेल इंजिनं सुधारत होती, आणि वारा पडला की फिरते खांब नुसते वजन. फ्लेटनर पुढे हेलिकॉप्टरकडे वळले. पंखशीड कागदावरच राहिलं. त्याची शेपटी तेवढी लक्षात ठेवा, ती शेवटी परत येणार आहे.

मालवाहू जहाजांवर शिडं परत आली ती तेलामुळेच. १९७३ आणि १९७९च्या तेलसंकटांनी जपानला हादरवलं. १९८० मध्ये तिथे 'शिन आइतोकु मारू' हे छोटं तेलवाहू जहाज पाण्यात उतरलं. त्यावर दोन शिडं होती. पूर्ण पंख नव्हते ते. पोलादी चौकटीवर ताणलेलं कापड, कपाटाच्या दारांसारखं मिटणारं. पण वाऱ्याची दिशा आणि वेग मोजून शिडांचा कोन ठरवायचा, हे काम कॉम्प्युटर करत होता. आपण तेव्हा जेमतेम रांगत असू. डोलकाठीवर चढणारे खलाशी नाहीत, ओरडणारा तांडेल नाही, पुलावर एक पेटी आणि तिच्यातला प्रोग्रॅम. या विषयात मी अडकले ती इथे. त्या प्रोग्रॅमरला वाऱ्याचा झोत आणि वाऱ्याचा बदल यातला फरक यंत्राला कसा शिकवावा लागला असेल, याचा मी बरेच दिवस विचार करत होते.

पुढच्या काही वर्षांत जपानमध्ये अशी डझनभराहून जास्त जहाजं झाली. ब्रिटनमध्ये जॉन वॉकर यांनी खरंखुरं पंखशीड तयार केलं, तेही शेपटीसकट, आणि १९८६ मध्ये ते 'ॲशिंग्टन' या मालवाहू जहाजावर बसलं. नेमक्या त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. बचतीचा हिशेब बसेना. एकेक करून शिडं निघाली.

नोकरीतल्या माझ्या पहिल्या मोठ्या प्रकल्पाचं असंच झालं होतं. दोन वर्षं खपून आम्ही जे बांधलं ते चालत होतं, तपासून झालं होतं, आणि एका सोमवारी चार ओळींची मेल आली की बंद करा. त्यानंतर कित्येक महिने मी स्वतःच्या कामात चूक शोधत होते. 'शिन आइतोकु मारू'ची गोष्ट वाचली आणि पहिल्यांदा वाटलं, की कधीकधी काम चुकलेलं नसतं, वेळ चुकलेली असते. मात्र केलेलं काम कुठेतरी नोंदवून ठेवलं पाहिजे, म्हणजे वेळ आली की कोणीतरी ते उचलतं.

मधल्या काळात पंखशिडांना सांभाळलं ते शर्यतवाल्यांनी. दोन सांगाड्यांच्या छोट्या होड्यांचा 'सी-क्लास' नावाचा एक वर्ग आहे. नियम अगदी सुटसुटीत. लांबी २५ फूट, रुंदी १४ फूट, शीड ३०० चौरस फूट. शिडाच्या आकारावर बंधन नाही. क्षेत्रफळ ठरलेलं आणि आकार मोकळा म्हटल्यावर हुशार माणसं काय करणार? १९७०च्या दशकापासून अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी त्यावर पंख उभे केले आणि एकमेकांना हरवत ते सुधारत नेले.

तिथून पंख पोचला तो अमेरिकाज कपमध्ये. १८५१ पासून चालत आलेली ही शर्यत. १९८८ मध्ये न्यूझीलंडच्या मायकेल फे यांनी मूळ दानपत्राचा आधार घेऊन भल्यामोठ्या एकसांगाडी नौकेचं आव्हान दिलं. पाण्याच्या रेषेवर ९० फूट लांब आणि चाळीसेक खलाशी. अमेरिकेचे डेनिस कॉनर उत्तर म्हणून उतरले ते ६० फुटी दोनसांगाडी नौका घेऊन, आणि तिच्यावर उभा पंख. तो बांधला होता विमानं बनवणाऱ्या बर्ट रुटान यांच्या कंपनीने. सप्टेंबरमध्ये सॅन डिएगोला दोन शर्यती झाल्या आणि दोन्ही कॉनर यांनी सहज जिंकल्या. लगोरीच्या खेळात कोणी क्रिकेटची बॅट आणावी तसा प्रकार. प्रकरण न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं, एकदा निकाल न्यूझीलंडकडे लागला, वरच्या कोर्टात फिरला, आणि १९९० मध्ये कप सॅन डिएगोलाच राहिला. न्याय झाला की नाही यावर आजही लोक भांडतात. पंख काय करू शकतो, यावर मात्र वाद उरला नाही.

१९९३च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आपण नववीत असताना, सर कागदाची पट्टी फुंकत होते त्याच सुमाराला, ऑस्ट्रेलियात सँडी पॉइंटला 'यलो पेजेस एंडेव्हर' या पंखशिडाच्या विचित्र तीनपायी नौकेने ४६.५२ नॉट, म्हणजे ताशी ८६ किलोमीटर वेग गाठला. हा विक्रम अकरा वर्षं टिकला. २०१२ मध्ये नामिबियातल्या वॉल्विस बे इथे पॉल लार्सन यांच्या 'सेलरॉकेट २'ने ५०० मीटर अंतरात सरासरी ६५.४५ नॉट वेग काढला. ताशी १२१ किलोमीटर. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर या वेगाला दंड होतो. आणि वारा त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाचा होता.

वाऱ्यापेक्षा जास्त वेग कसा? स्कूटर आठवा. हवा स्थिर असली तरी तोंडावर वारा येतोच. आडव्या वाऱ्यात नौका पळायला लागली की तिला खरा वारा आणि स्वतःच्या वेगाचा वारा यांची बेरीज लागते, आणि ही बेरीज समोरून येते. समोरच्या वाऱ्यात न फडफडता टिकून राहण्याचं काम कापडापेक्षा पंखाला सोपं. मघाची म्हण इथे पार उलटी होते. वाऱ्याला पाठ देणारा कधीच वाऱ्यापुढे जात नाही.

२०१० मध्ये व्हॅलेन्सियाला अमेरिकेच्या तीनसांगाडी नौकेवर ६८ मीटर उंचीचा पंख उभा राहिला, बावीस मजली इमारतीएवढा. कप अमेरिकेने जिंकला. पण एवढा पंख उभा करायला आणि उतरवायला क्रेन आणि माणसांची फौज लागायची. २०१३ साठी सगळ्यांनीच ७२ फुटी दोनसांगाडी नौका आणि ४० मीटरचे पंख घ्यायचं ठरलं. त्याच वर्षी ९ मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सराव करताना स्वीडनच्या संघाची नौका मोडून उलटली आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते अँड्र्यू सिम्पसन तिच्याखाली अडकून गेले. ताठ पंख कमी करता येत नाही, नौका हलकी आणि वेग भयंकर. वेगाच्या आकडेवारीत हे नाव सहसा येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

सप्टेंबरमधली ती शर्यत मी ऑफिसात चोरून पाहिली होती. न्यूझीलंड ८, अमेरिका १. न्यूझीलंडला आणखी एक विजय हवा होता. अमेरिकेने ओळीने आठ जिंकून ९-८ असा कप राखला. त्या संघात मध्येच डावपेच आखायला आलेले बेन एन्स्ली नंतर ब्रिटनला परतले आणि स्वतःचा संघ उभारला. शर्यतीच्या नौकांनी पुढे ताठ पंख सोडलाही. २०२१ पासून तिथे दोन पदरी कापडाचं, पंखासारखा आकार घेणारं पण उतरवता येणारं शीड आहे. तांडेलकाका, ऐकताय ना?

पण एन्स्लींच्या संघातून निघालेल्या कंपनीने पंख मालवाहू जहाजांकडे नेला. ऑगस्ट २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' हे सुमारे ८० हजार टनी जहाज चीनहून ब्राझीलकडे निघालं तेव्हा त्यावर ३७.५ मीटर उंचीचे दोन पंख होते. बंदरात शिरताना किंवा वादळात ते डेकवर आडवे होतात. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी तीन टन इंधन वाचल्याचं कंपन्यांनी जाहीर केलं. त्याआधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये जपानचं 'शोफू मारू' हे कोळसावाहू जहाज निघालं होतं. त्याचं ताठ शीड दुर्बिणीच्या नळीसारखं एकात एक सरकून खाली बसतं. फ्रान्सच्या 'कानोपे' या जहाजावर चार पंख आहेत आणि पोटात आरियान ६ रॉकेटचे भाग, युरोपातून दक्षिण अमेरिकेतल्या तळाकडे. त्या पंखांचा आराखडा करणाऱ्यांनीच २०१० ची ती तीनसांगाडी नौकाही आखली होती.

इंजिन कोणीही काढून टाकलेलं नाही. पंख मदतनीस आहेत. पण जगातल्या हरितगृह वायूंपैकी जवळपास ३ टक्के जहाजांतून निघतात आणि २०५० च्या आसपास ते निव्वळ शून्यावर आणायचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवलं आहे. यावेळी हिशेब फक्त तेलाच्या भावावर अवलंबून नाही, म्हणून मला आशा आहे. १९८६ आठवतं, म्हणून धाकधूकही आहे. आपल्यातले दोघे मर्चंट नेव्हीत आहेत. त्यांच्या जहाजावर पंख दिसला की फोटो ग्रुपवर टाकावा.

आणि ती शेपटी? 'सेलड्रोन' नावाच्या माणूस नसलेल्या छोट्या नौका आज समुद्राची मोजमापं करत फिरतात. उभा पंख, त्याला मागे छोटं शेपूट. शेपटीचा कोन बदलायला किरकोळ वीज लागते, पंखाला वळवायचं काम वारा करतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशी एक नौका अटलांटिकमधल्या 'सॅम' या चक्रीवादळात शिरली आणि आतून चित्रं पाठवत बाहेरही पडली. फ्लेटनर मास्तरांनी बाजूला ठेवलेली कल्पना, शंभरेक वर्षांनी, कोणी नसलेल्या डेकवर.

सर, तुम्ही संमेलनाला येणार असल्याचं कळलं. उत्तराला तीस वर्षं उशीर झाला, दंड म्हणून सगळ्यांसमोर सांगायला लावा. फुगीर बाजूची हवा आधी पोचते, सर, ती कोणासाठी थांबत नाही. शीड वाऱ्याला वळवतं, आणि वारा शिडाला. मात्र "हे मला सांगता येत नाही" हे वाक्य वर्गासमोर उभं राहून म्हणायला काय लागतं, ते मला आता माझ्या टीममधली मुलं प्रश्न विचारतात तेव्हा कळतं.

कागदाची पट्टी मी आणेन. मागच्या बाकावरच्या मैत्रिणीने 'नागमोडी' म्हणून पुन्हा ओरडू नये, तिला पुढच्या बाकावर जागा ठेवली आहे.